निकाल लागला, आता दिवस मोजा

(रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)

 

आजचा विषय जरा जड आहे, पण तो कोणाच्याही दारात येऊ शकतो. घरातल्या माणसाला कोर्टाने दोषी ठरवलं, शिक्षा सुनावली आणि पोलीस त्याला घेऊन गेले. नवरा असेल, मुलगा असेल, दीर असेल, कधी घरातली सूनही असेल. त्या दिवशी घरात रडारड होते. मग कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "रडू नका, वर अपील करू." दुसऱ्या दिवशी शेतात जावं लागतं, ढोरं सोडावी लागतात, मुलं शाळेत पाठवावी लागतात. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातकडे निघतं. माणसं परत येतात होळीला. तेव्हा कोणी विचारतं, "अरे, त्या अपिलाचं काय झालं?" आणि पेटीतला कागद बाहेर निघतो. तोवर मुदत संपून गेलेली असते.

गटाचा हप्ता कोणत्या तारखेला भरायचा, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता. अपिलालाही तशीच तारीख असते. हप्ता चुकला तर दंड भरून भागतं. इथे तारीख चुकली तर माणूस तुरुंगात आणि घर अंधारात. म्हणून आज फक्त तारखांचं बोलू.

शिक्षा कोणत्या कोर्टाने दिली, त्यावर मुदत ठरते. अक्कलकुव्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी, म्हणजे आपण ज्यांना मॅजिस्ट्रेट म्हणतो त्यांनी शिक्षा दिली, तर अपील सत्र न्यायालयात जातं आणि मुदत असते 30 दिवस. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, तर अपील उच्च न्यायालयात जातं. आपला नंदुरबार जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतो. त्यामुळे मुंबईला जायचं नाही, छत्रपती संभाजीनगरला जायचं. तिथे मुदत 60 दिवस. शिक्षा फाशीची असेल तर मात्र 30 दिवसच. उच्च न्यायालयानेही शिक्षा कायम केली तर पुढे दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीचा अर्ज करता येतो. त्याला 90 दिवस, आणि फाशीच्या प्रकरणात 60. हे सगळं 1963 च्या मुदतीच्या कायद्यात आहे. काही खास कायद्यांत मुदत वेगळी असते, म्हणून निकालपत्रावर कोणती कलमं लिहिली आहेत ते वकिलाला दाखवूनच घ्या.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. फाशीची शिक्षा देताना आरोपीला अपिलाची मुदत किती ते न्यायाधीशांनी सांगायचं, असं कायद्यात लिहिलेलं आहे. दहा वर्षांची शिक्षा झाली, जन्मठेप झाली, तिथे तसं लिहिलेलं नाही. म्हणजे कोणी सांगेल म्हणून वाट पाहायची नाही, आपणच विचारायचं.

आता निकालाच्या दिवसाबद्दल थोडं. निकालाची तारीख आधी कळलेली असते. त्या दिवशी घरातली एक तरी बाई कोर्टात असावी, आणि सोबत जामीनदार असावा, त्याचा सातबारा, आधार कार्ड, घरपट्टीची पावती घेऊन. का? माणूस खटल्यात जामिनावर बाहेर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच कोर्ट अपील करायला वेळ मिळावा म्हणून त्याला जामिनावर सोडू शकतं. अपील करायचं आहे, एवढं त्या कोर्टाला पटवून द्यावं लागतं. जामीनदार गावी आणि कागद पेटीत, अशी अवस्था असली तर संध्याकाळी माणूस तुरुंगाच्या गाडीत बसतो. शिक्षा मोठी असेल तर हा मार्ग नाही. तिथे अपील दाखल करून वरच्या कोर्टाकडे शिक्षा स्थगित करण्याचा आणि जामिनाचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. नुसतं अपील दाखल केलं म्हणजे माणूस सुटला, असं नसतं. ते दोन वेगळे कागद आहेत.

आणि त्याच दिवशी मागायची दुसरी वस्तू म्हणजे निकालाची नक्कल. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळाली पाहिजे. 1 जुलै 2024 पासून जो नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम 404 मध्ये हे आहे. जुन्या कायद्यातही होतं. पण कायद्यात असणं आणि हातात पडणं यात अंतर असतं. ते अंतर किती महाग पडतं, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यातून देशाला कळलं. ती गोष्ट सांगते.

होस्कोट नावाचे एक गृहस्थ होते. चांगले शिकलेले, एम.एस्सी., पीएच.डी., सौराष्ट्र विद्यापीठात शिकवणारे. त्यांनी डोंबिवलीच्या एका ठसे बनवणाऱ्या कंपनीकडे कर्नाटक विद्यापीठाचा शिक्का बनवायला टाकला आणि त्यासाठी विद्यापीठाचं खोटं पत्र तयार केलं. खोट्या पदव्यांचा मामला होता. सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, पण शिक्षा दिली ती कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची आणि थोडा दंड. सरकार वर गेलं. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1973 मध्ये शिक्षा वाढवून तीन वर्षं केली. होस्कोट आत गेले. सर्वोच्च न्यायालयात त्यांचा अर्ज पोचला तो चार वर्षांहून जास्त उशिराने. तोवर शिक्षा भोगूनही झाली होती!

उशीर का, असं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मला निकालाची प्रतच मिळाली नाही. चौकशीत निघालं की प्रत पुण्याच्या येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. पण ती कैद्याच्या हातात पडली, याची सही असलेला कागद कुठेच नव्हता. बघा ताईंनो, एवढा शिकलेला माणूस, इंग्रजी वाचणारा. त्याची ही गत. मग आपल्या तोरणमाळच्या, मोलगीच्या पाड्यावरच्या पोराची काय होत असेल, ज्याला कोर्टातली मराठीही अर्धीच कळते!

17 ऑगस्ट 1978 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो लिहिला. होस्कोट यांचा अर्ज फेटाळला गेला, त्यांच्या गुन्ह्याबद्दल कोर्टाला शंका नव्हती. पण जाता जाता कोर्टाने देशभरच्या कैद्यांसाठी नियम घालून दिले. शिक्षा देताच निकालाची प्रत फुकट द्यायची. ती तुरुंगात पाठवली तर तुरुंगाच्या अधिकाऱ्याने ती ताबडतोब कैद्याच्या हातात द्यायची आणि त्याची लेखी पोच घ्यायची. कैद्याला अपील करायचं असेल तर तुरुंगाने त्याला त्यासाठी सगळी सोय करून द्यायची. आणि वकील करायची ऐपत नसेल तर सरकारने वकील द्यायचा. आज आपण फुकट वकिलाचा हक्क म्हणून जे मागतो, त्याच्या मुळाशी हा निकाल आहे.

म्हणून मुलाखतीला तुरुंगात जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: "निकालाचा कागद हातात मिळाला का? कोणत्या तारखेला? सही केली का?" जेवलास का, हे नंतर विचारलं तरी चालेल.

नकलेचा मुदतीशी आणखी एक संबंध आहे, आणि तो फायद्याचा आहे. मुदत मोजताना निकालाचा दिवस धरत नाहीत. आणि नक्कल मिळायला कोर्टात जेवढे दिवस लागतात, तेही धरत नाहीत. उदाहरण घेऊ, वहीत लिहून घ्या. समजा सत्र न्यायालयाचा निकाल 10 जूनला लागला. 60 दिवस मोजले तर 9 ऑगस्टला संपतात. पण तुम्ही 12 जूनला नकलेचा अर्ज दिला आणि नक्कल 24 जूनला तयार झाली, तर हे 13 दिवस वगळले जातात. म्हणजे शेवटची तारीख 22 ऑगस्टपर्यंत जाते. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील देता येतं. मात्र नकलेवर मागच्या बाजूला किंवा शेवटी शिक्के असतात: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. ते पान फाडू नका, भिजू देऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि नक्कल तयार झाल्यावर ती न्यायला महिना लावलात, तर त्या महिन्याचे दिवस तुमच्या खात्यातून जातात.

आता तुम्ही म्हणाल, वकील कुठून आणायचा? संभाजीनगरला जाऊन वकील करायचा म्हणजे बैल विकायचा की जमीन गहाण टाकायची? दोन्ही नको. माणूस तुरुंगात असेल तर तो स्वतः तिथूनच अपील करू शकतो. अपिलाचा अर्ज आणि निकालाची प्रत तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे दिली की ती योग्य त्या कोर्टात पाठवणं हे त्या अधिकाऱ्याचं काम आहे. नव्या कायद्यात हे कलम 424 आहे. नाशिकरोडच्या तुरुंगात असो की हर्सूलच्या, हा हक्क सगळीकडे आहे. अर्ज दिला त्याची तारीख मात्र त्याने तुम्हाला कळवली पाहिजे.

आणि 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम 12 मध्ये कोणाला फुकट वकील मिळतो ते लिहिलंय. अनुसूचित जमातीचा माणूस, अनुसूचित जातीचा माणूस, कोणतीही स्त्री, आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेली कोणतीही व्यक्ती. यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आपल्या भागातला भिल्ल, पावरा, मावची समाजाचा माणूस तुरुंगात असेल तर त्याचा हक्क दोनदा लागू होतो. अक्कलकुव्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. अर्ज तिथे द्या. उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी अर्ज तिथून पुढे पाठवला जातो, तुम्हाला संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही. बऱ्याच जिल्ह्यांत आता लोक अभिरक्षक कार्यालय सुरू झालं आहे, तिथले वकील आरोपींचंच काम करतात. फुकट वकील म्हणजे कामचुकार वकील, असं गावात बोलतात. काही वेळा अनुभव वाईट येतो, नाही म्हणत नाही. पण वकील काम करत नसेल तर बदलून मागता येतो, आणि तोही फुकटच. कोणी "साहेबांना द्यावे लागतात" म्हणून तुमच्याकडे पैसे मागितले, तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांना सांगा. सचिव स्वतः न्यायाधीश असतात.

सरहद्दीवरच्या बायांसाठी एक सूचना. खापरहून सागबारा, डेडियापाडा किती जवळ, तुम्हाला ठाऊक आहे. आपली माणसं बारडोली, सुरतेकडे कामाला असतात. गुन्हा तिकडे नोंदला गेला, खटला तिकडे चालला, तर अपीलही तिकडेच. गुजरातचं सत्र न्यायालय, मग अहमदाबादचं उच्च न्यायालय. नंदुरबारच्या कोर्टात ते अपील चालणार नाही. मुदतीचे दिवस मात्र तेवढेच, कायदा देशभर एक आहे, आणि फुकट वकिलाचा हक्कही तोच. इकडच्या कोर्टात चकरा मारण्यात महिना घालवलेली घरं आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

मग मुदत संपलीच असेल तर? सगळं संपलं का? नाही. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज देता येतो. उशिराला पुरेसं कारण होतं असं कोर्टाला पटलं, तर कोर्ट उशीर माफ करतं. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा अर्जाकडे फार कडक नजरेने बघू नये, कारण मुद्दाम उशीर करून कोणाचा फायदा होत नसतो. माणूस तुरुंगात, बायको ऊसतोडीला, निकालाचा कागद इंग्रजीत, पाड्यावर फोनची रेंज नाही, ही खरी कारणं आहेत. पण ती सांगावी लागतात, आणि शक्य तिथे कागद जोडावा लागतो. मुकादमाची उचल घेतल्याची नोंद, दवाखान्याचा केस पेपर, तुरुंगातली मुलाखतीची नोंद, प्रत उशिरा मिळाल्याची पोच. कोणी म्हणेल, पैसे द्या, खोटा दाखला आणून देतो. तसलं करू नका. खोटा दाखला उघडा पडला तर खरं कारणही कोर्ट ऐकत नाही. आणि कारण कितीही खरं असलं तरी माफी हा कोर्टाचा निर्णय आहे, आपल्या हातातला हक्क नव्हे. मुदतीत गेलात तर कोणाला विनवणी करावी लागत नाही.

एक दार मात्र असं आहे की त्याला मुदतच नाही. गुन्हा घडला तेव्हा आरोपी 18 वर्षांच्या आतला होता, हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. शेवटचा निकाल लागून गेला असला तरीही. बाल न्याय कायद्यात तसं स्पष्ट आहे. पुण्यात 1994 मध्ये एका घरातल्या सात जणांचा खून झाला होता. त्यात राजस्थानातून कामाला आलेल्या एका मुलाला फाशीची शिक्षा झाली. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्यात त्याचं वय वीस-बावीस धरलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेची नोंद सापडली. शाळेतलं नाव वेगळं आणि कोर्टातलं नाव वेगळं, त्यावर बराच वाद झाला. शेवटी 27 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने मानलं की गुन्ह्याच्या वेळी तो अवघा बारा वर्षांचा होता. त्याला सोडलं. तोवर 28 वर्षं तुरुंगात गेली होती. अल्पवयीन म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं.

आपल्याकडेही मुलाचं घरातलं नाव एक, शाळेत गुरुजींनी लिहिलेलं दुसरं आणि आधार कार्डावर तिसरं. पोलिसांनी विचारलं की आई अंदाजाने सांगते, "असेल वीस वर्षांचा, मोठ्या दुष्काळाच्या वर्षी झाला." असं अंदाजाने सांगू नका. शाळा सोडल्याचा दाखला, आश्रमशाळेच्या रजिस्टरचा उतारा, अंगणवाडीची नोंद, जन्माची नोंद, जे असेल ते काढा. पोरगा आत असेल आणि वयाची शंका असेल, तर आज काढा.

अजून एक मुदत आहे, जी फार थोड्यांना माहीत असते आणि ती बायकांच्याच वाट्याला येते. अपील चालू असताना तुरुंगात किंवा बाहेर तो माणूस वारला, तर अपील तिथेच संपतं. माणूस गेला, पण कपाळावरचा दोष तसाच राहतो, मुलांना खुन्याची मुलं म्हणतात. फाशीची किंवा तुरुंगवासाची शिक्षा असेल तर त्याची बायको, आई-वडील, मुलं, भाऊ, बहीण यांपैकी कोणीही, मृत्यूपासून 30 दिवसांच्या आत, अपील पुढे चालवायची परवानगी मागू शकतं. तेराव्याचा विधी होतो तोवर निम्मे दिवस गेलेले असतात. त्या बाईला स्वतःला हे सुचणार नाही. गटातल्या दुसऱ्या कोणीतरी तिच्याजवळ बसून सांगायचं.

आणि ज्यांच्यावर अन्याय झाला, त्या बायांनीही ऐका. डाकीण म्हणून मारहाण झालेली असेल, मुलीवर अत्याचार झालेला असेल, आणि कोर्टाने आरोपी सोडून दिला किंवा हलक्या कलमाखाली थोडीच शिक्षा दिली, भरपाई कमी दिली, तर पीडित व्यक्तीला स्वतः अपील करायचा हक्क 31 डिसेंबर 2009 पासून आहे. सरकारी वकील अपील करतील की नाही, याची वाट पाहत बसू नका. निकालाची नक्कल घ्या आणि लगेच विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्री म्हणून वकील तुम्हालाही फुकटच आहे.

आता काम सांगते. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा, कोणाच्या घरातलं माणूस शिक्षा भोगतंय का. सांगायला लाज वाटते, म्हणून बैठकीत सगळ्यांसमोर विचारू नका, बैठक झाल्यावर एकेकीला विचारा. ज्या घरात असेल तिथून चार गोष्टी लिहून घ्या. कोर्ट कोणतं, खटल्याचा नंबर काय, निकालाची तारीख कोणती, नक्कल कधी मिळाली. खटल्याचा नंबर माहीत नसेल तर समन्सवर, जामिनाच्या कागदावर किंवा वकिलाच्या पावतीवर सापडतो. तेवढं घेऊन दोघी-तिघी मिळून अक्कलकुव्याच्या कोर्टात जा आणि विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा. एकटीला जायला लावू नका. जाणं जमत नसेल तर 15100 या नंबरवर फोन करा. हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा फोन आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पुन्हा सांगते, एक पाच एक शून्य शून्य.